बारा हात धुराडं

"हरिसिंग, बैल सोडू नोको," दमणीतून उतरता उतरता नानाजी म्हणाले. "चारा टाक, पाणी दाखव. पण जुपलेलेच राहू दे. काय सांगता येते?"

ओसरीवर हात जोडून उभ्या असलेल्या उकंडरावांनी ते ऐकलं आणि जोडलेले हात खाली घ्यायचं ते विसरले. नानाजी म्हणजे त्यांचे सासरे. चार कोसांवरच्या मालेगावहून ते सकाळीच निघाले होते आणि सोबत आपल्या मुलीला, म्हणजे उकंडरावांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना घेऊन आले होते. मनकर्णाबाई उतरल्या, पदर सावरून सरळ आत गेल्या. पण त्यांची पत्र्याची हिरवी पेटी दमणीतच राहिली. गाडीवान हरिसिंग ती उतरवायला पुढे झाला, तर नानाजींनी नुसतं बोट हलवून त्याला थांबवलं. जुपलेले बैल आणि न उतरवलेली पेटी पाहिल्यावर आजचा दिवस कसा जाणार आहे हे उकंडरावांना कोणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

चार महिने झाले होते. पंचमीच्या सणाला म्हणून मनकर्णाबाई माहेरी गेल्या, त्या दसरा झाला, दिवाळी झाली, तरी परत यायचं नाव काढीनात. उकंडराव तीनदा आणायला गेले. तिन्ही वेळा नानाजींनी जावयाला पाटावर बसवून पोटभर जेवू घातलं आणि हातावर पाणी घालता घालता एकच वाक्य ऐकवलं, "जवाईबापू, पहिले घरातला धूर काढा, मंग पोरगी नेजा."

त्यांचंही चुकत नव्हतं. उकंडरावांचं घर धाब्याचं, वर मातीचं जाड छत. स्वयंपाकघराला वीतभर खिडकी. धूर जायला छतात एक भोक होतं, पण त्यातून मांजर उतरतं म्हणून उकंडरावांच्या आईनं, सोजरबाईंनी, त्यावर बारा महिने टोपलं पालथं घातलेलं. त्यात जळण पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं. अकरा वर्षं त्या धुरात भाकरी थापून मनकर्णाबाईंचे डोळे लालभडक झाले होते. मालेगावच्या वैद्यानं त्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं की अशीच आणखी दोन वर्षं गेली तर सुईत दोरा ओवता येणार नाही, आणि चार गेली तर समोरचा माणूस ओळखू येणार नाही. हे ऐकल्यापासून उकंडरावांच्या मनात एकच चित्र येई: आपण शेतावरून घरी आलोय आणि बायको विचारतेय, कोण पाहिजे तुमाले? त्यांना घासही गिळवेना.

घास न गिळवण्याचं दुसरंही कारण होतं. चार महिने स्वयंपाक सोजरबाई करत होत्या. "सत्तर साल धूर खाल्ला, माया डोयाले काय झालं?" असं त्या ठणकावून सांगत आणि त्याच दमात वरणात दुसऱ्यांदा मीठ टाकत. पहिल्यांदा टाकलेलं त्यांना दिसलेलं नसे. उकंडराव ते वरण मुकाट्यानं खात, कारण आईला उलट बोलायचं ही गोष्ट त्यांना जन्मात जमली नव्हती. पिकाला पाणी द्यायचं, बैलाला नाल ठोकायचे, सावकारासमोर आवाज चढवायचा, हे सगळं त्यांना यायचं. पण सोजरबाईंनी नुसतं "काय म्हणलं?" असं विचारलं, की उकंडराव "काही नाही" म्हणत आणि बाहेर जात.

मार्गशीर्ष लागायच्या आधी ते कापूस घेऊन वाशीमला गेले. तिथल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, आभाळात घुसलेलं धुराडं पाहून त्यांची गाडी जागच्या जागी थांबली. एवढा मोठा जाळ आणि खाली माणसं खुशाल मोकळ्या डोळ्यांनी काम करताहेत! भट्टीत कोळसा टाकणारा मदनसिंग नावाचा माणूस बाहेर बिडी ओढत बसला होता. उकंडरावांनी त्याला गाठलं.

"भाऊ, हा धूर असा वर काहून जाते? याले वर ओढते कोण?"

"कोणी नाही ओढत," मदनसिंग म्हणाला. "गरम हवा हलकी. तिले वर जाची घाई. ती उठली का तिच्या जागेवर मांगून थंडी हवा येते, ती गरम झाली का तीबी उठते. चाललं मंग. हे पाहा." त्यानं बिडी भट्टीच्या अर्ध्या उघड्या दारापाशी धरली. बिडीचा धूर सुरसुर करत आत गेला. "धुराडं जितकं उंच तितकी ओढ जबर. पण खालून वाट मोकळी पाह्यजे बरं. खालचं दार बंद केलं तं वरचं धुराडं नुसतं खांब हाये."

मदनसिंगानं एक अक्षर चुकीचं सांगितलं नाही. पण उकंडराव त्या वेळी मान वर करून धुराड्याचं टोक पाहत होते. उंचीबद्दल तो जे बोलला ते त्यांनी मनात पक्कं धरलं आणि खालच्या दाराचं बोलणं खालच्या खालीच राहिलं. परत येताना वाटभर ते एकच हिशेब करत होते, की आपल्याला किती उंच झेपेल?

बारा हात झेपलं. गावचा गवंडी गोपीचंद याला बोलावून त्यांनी स्वयंपाकघरात चूल मोडायला लावली, नव्या चुलीवर विटांचा बोगदा उभारला आणि तो धाबं फोडून वर काढला. दगड-विटा आत न्यायला अडचण होते म्हणून गोपीचंदनं स्वयंपाकघराचं दार चौकटीतून काढून गोठ्यात उभं केलं. गाव रोज पाहायला यायचं. शेजारचे पुंजाजी तर घरचं काम टाकून ओसरीवर मुक्कामालाच आले होते. "उकंडराव, सरकी काढाचं यंतर कधी आणता?" असं ते रोज न चुकता विचारत.

काम झालं त्या संध्याकाळी गोपीचंदनं चुलीत मूठभर गवत पेटवलं. धूर क्षणभर घुटमळला, मग सळसळत वर गेला आणि बारा हातांवरून आभाळात निघाला. चुलीच्या तोंडाशी हात धरला तर अंगावरून गार वारा आत जाताना जाणवत होता. उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते धुरानं आलेलं नाही हे पाहून त्यांना आणखीच गहिवरून आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालेगावला निरोप धाडला: धूर गेला, पोरीला घेऊन या.

निरोप गेला आणि मग दार बसवायचं काम उरलं. ते सोजरबाईंनी स्वतः उभं राहून करवून घेतलं. त्या घरात स्वयंपाकघराचं दार सदा बंद असे, त्याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी याच पुंजाजींनी दारातून डोकावून उकळत्या खिरीकडे पाहिलं होतं आणि खीर फाटली होती. पुंजाजी अजूनही शपथेवर सांगत की दूधच नासकं होतं, पण सोजरबाईंचा निकाल त्याच दिवशी लागला होता: शिजतं अन्न परक्याच्या नजरेला पडता कामा नये. आता तर चूल नवी, म्हणजे नजर लागायला आणखी सोपी. त्यांनी दार बसवलंच, शिवाय चौकटीच्या फटी शेणामातीनं लिंपल्या. धुराला नवी वाट झाली म्हणून छतातलं जुनं भोकही बुजवून टाकलं. उकंडरावांनी हे सगळं पाहिलं आणि घर कसं नीटनेटकं झालं म्हणून त्यांना बरंच वाटलं.

तर आता नानाजी ओसरीवर बाजेवर बसले होते. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून तांब्याही त्यांनी घरूनच आणला होता. अंगणात अर्धं गाव जमलं होतं. पहिला जाळ सुनेच्या हातानं, मग पुरणाचा नैवेद्य, असं ठरलं होतं. मनकर्णाबाई आणि सोजरबाई स्वयंपाकघरात गेल्या. आत जाता जाता सोजरबाईंनी मागे वळून पाहिलं. पुंजाजी सगळ्यांच्या पुढे मान लांब करून उभे होते. सोजरबाईंनी धाडकन दार लावलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. मग खिडकीत एक गोधडी कोंबलेली सगळ्यांनी पाहिली.

"चालू द्या," नानाजी म्हणाले आणि कपाळावर हाताचा आडोसा धरून त्यांनी धुराड्याच्या टोकाकडे नजर लावली. मग सगळं अंगण धुराड्याच्या टोकाकडे पाहू लागलं.

टोकावर एक कावळा बसला होता. काही वेळानं तो उडाला. त्यानंतर तिथं काहीच झालं नाही.

"जाळ लावला का नाही?" नानाजींनी विचारलं.

"लावला असंन, मामाजी. धुराडं लंबं हाये, वेळ लागते."

"माया मतानं धूर रस्ता चुकला," पुंजाजी म्हणाले. अंगण हसलं. नानाजी हसले नाहीत. त्यांनी एकदा दमणीकडे पाहिलं, आणि ते पाहताना उकंडरावांनी पाहिलं.

इतक्यात दाराच्या खालच्या फटीतून एक करडी रेघ बाहेर आली. उकंडराव हळूच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, म्हणजे ती सासऱ्यांना दिसू नये. मग खिडकीतली गोधडी वाफाळायला लागली. तिच्यासमोरही उभं राहावं असं त्यांना वाटलं, पण माणसाला एका वेळी एकाच ठिकाणी उभं राहता येतं. पाठोपाठ धाब्याच्या कडेच्या लाकडांमधून, भिंतीतल्या उंदराच्या बिळांतून, जिथं जिथं बोटभर वाट होती तिथून धूर बाहेर पडू लागला. धुराडं तेवढं सोडून सगळं घर धूर सोडत होतं.

"घर पेटलं!" पुंजाजी ओरडले.

"पेटलं नाही!" उकंडराव त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. "कोणी हलू नोका!"

पण आग म्हटल्यावर कोण थांबतं? कोणी विहिरीकडे धावलं, कोणी गोठ्यातली घागर उचलली. नसलेल्या आगीचा बोभाटा गल्लीभर झाला आणि ज्यांना धुराड्याची काहीच हौस नव्हती तेही धावत आले. आतून दोन खोकले ऐकू येऊ लागले, एक आईचा, एक बायकोचा. उकंडरावांनी दारावर थाप मारली.

"माय! दार उघड!"

"किती लोक हायेत भाईर?" आतून विचारणा झाली.

"लय हायेत. दार उघड!"

"मंग कशी उघडू? पुरण उघडं हाये!" आणि पुन्हा खोकला.

आत धूर वाढला की बाहेर गर्दी वाढे, आणि गर्दी वाढली की दार आणखीच घट्ट होई. उकंडरावांचं डोकं चालेनासं झालं. त्यांनी गोपीचंदला गर्दीतून ओढून काढलं.

"तुवं धुराडं बुजलं!"

"माया काम चोख हाये," गोपीचंद कमरेवर हात ठेवून म्हणाला. "परवा तुमच्याच डोयासमोर ओढत होतं का नाही? आता कोण्या पाखरानं काडीकचरा टाकला असंन तं तो काई मी बांधला नाही."

पाखरू! उकंडरावांना तो कावळा आठवला. त्यांनी शिडी लावली, लांब वेळू घेतला आणि धोतर खोचून धाब्यावर चढले. खाली नानाजी उठून उभे राहिले होते. "हरिसिंग," त्यांनी हाक दिली, "बैलायले पाणी पाजलं का?" ते शब्द उकंडरावांना थेट काळजात लागले. बैलांना पाणी पाजलं का, हे माणूस निघायच्या आधी विचारतो.

धाब्यापासून धुराड्याचं टोक छातीभर उंच होतं. उकंडरावांनी त्यात वेळू घातला. वेळू सरळ खाली गेला, चुलीच्या दगडाला लागून टण्ण वाजला. काडी नाही, कचरा नाही. त्यांनी धुराड्याच्या तोंडावर हात धरला. गार! जिथून झळ उठायला हवी तिथं विहिरीसारखा गारवा. मग आपली बारा हातांची मेहनत आत काय करतेय, हे पाहायला त्यांनी फेटा मागे सरकवला आणि सगळं डोकं धुराड्यात घातलं.

याच वेळी खाली पुंजाजींना वाटलं की मागच्या कडेचं लाकूड आता पेटणारच. त्यांनी धाब्याची शिडी काढली, मागे नेऊन लावली आणि वरून घागर ओतली. ती बरोबर नानाजींच्या पागोट्यावर पडली, कारण नानाजी काय चाललंय ते पाहायला नेमके तिथंच गेले होते. नानाजींनी काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की आत मनकर्णाबाईंनी वडलांचा आवाज ओळखला. चार महिन्यांत जरा निवळलेले त्यांचे डोळे आता पुन्हा पेटले होते, सासूबाई पुरणाच्या पातेल्यावर पदर धरून बसल्या होत्या, आणि बाहेर बाप ओरडत होता. त्यांनी चाचपडत कडी शोधली आणि दार सताड उघडलं.

गार हवेचा लोट आत शिरला. चुलीतला जाळ हुंकारला. स्वयंपाकघरात कोंडलेला सगळा धूर, नव्या विटांची धूळ, गवताची राख, पऱ्हाट्यांच्या ठिणग्या, हे सगळं एकदम वळलं, चुलीच्या तोंडात शिरलं आणि बारा हात वर गेलं. वर उकंडरावांचं डोकं होतं.

"निघाला! धूर निघाला!" अंगणानं आरोळी ठोकली. लोकांना धुराड्यातून काळा धूर दिसला आणि धुरातून एक काळा माणूस बाहेर आलेला दिसला. त्या माणसाचा फेटा एका बाजूनं धुमसत होता. त्यानं फेटा काढून आपटला आणि आंधळ्यासारखा पायानं शिडी चाचपू लागला. शिडी नव्हती.

सोजरबाई दारात आल्या. एवढी गर्दी पाहून त्यांनी परत दार लावलं. वरचा धूर थांबला.

"थांबला!" अंगण ओरडलं.

नानाजी पागोटं पिळत पुढे आले. माणूस तापट होता, पण जन्मभर मोट चालवलेला. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे पाहायची त्यांना सवय होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं.

"विहीणबाई, दार उघडा बरं."

सुनेच्या बापाला नाही म्हणता येईना. दार उघडलं. वर भसकन धूर आला. उकंडराव खोकले.

"आता लावा."

धूर थांबला. उकंडरावांनी श्वास घेतला.

"आता उघडा."

"मामाजी, मले खाली उतरू द्या!" वरून काकुळतीची हाक आली.

"थांबा, जवाईबापू, एक डाव अजून पाहू द्या." नानाजींनी एक नाही, तीन डाव पाहिलं. खात्री करून घेतल्याशिवाय मानायचं नाही हाही त्यांचा नेमच होता. उघडलं की धूर वर, लावलं की घरात. "खालून वाट पाह्यजे त्याले," ते शेवटी म्हणाले. "दार लावून ठेवसान तं ते धुराडं नाही, नुसता खांब हाये."

नुसता खांब! वाशीमचा मदनसिंग, त्याची बिडी, भट्टीचं अर्धं उघडं दार, सगळं उकंडरावांना त्या धुरात लख्ख दिसलं. बाकी काही दिसत नव्हतं.

शिडी आली. त्यांना हाताला धरून उतरवलं आणि परसात दगडावर बसवलं. कोणीतरी समोर येऊन बसलं, ओल्या पदरानं त्यांच्या पापण्या पुसू लागलं. हात ओळखीचा होता. चार महिन्यांनी लागलेला तो हात होता, आणि उकंडरावांना रडू फुटलं. धूर होता म्हणून ते खपून गेलं.

"झोंबते का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"लय झोंबते वं."

"हं. आज तुमाले घडीभर झोंबलं. मी अकरा साल हेच पाहून राह्यली."

उकंडरावांनी एक डोळा कसाबसा उघडला. समोरचे दोन्ही डोळे लाल होते, पण ते त्यांच्याकडेच पाहत होते.

"मंग दार उघडं ठेवलं का धूर जाते, हे तुले मालूम होतं?"

"चुलीपुढं बसणारीले मालूम नाही राहीन? आत्याबाई नदीवर गेल्या का मी दार उघडो. तेवढीच घडीभर सुखाची."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं. पहिल्याच साली सांगतलं. तुमी म्हणले, मायले विचारतो."

 विचारलं होतं उकंडरावांनी. दहा वर्षांपूर्वी, एका सकाळी. सोजरबाई म्हणाल्या होत्या, "काय म्हणलं?" आणि ते "काही नाही" म्हणून शेतावर गेले होते. तेव्हापासून आजवर, आईला दार उघडं ठेव म्हणण्यापेक्षा वाशीमला जाणं, गवंडी बोलावणं, धाबं फोडणं आणि बारा हात उंच धुराडं बांधणं त्यांना सोपं वाटलं होतं. हे बायकोच्या लक्षात आलंय हे त्यांना कळलं, आणि तिनं ते बोलून दाखवलं नाही याची त्यांना जास्त लाज वाटली.

ते उठले. तोंड काळं, भुवया जळलेल्या, फेटा नाही. तसेच ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. दार बंद होतं. त्यांनी ते ढकललं. सोजरबाई पुरणापाशी बसल्या होत्या. ओसरीवर नानाजी होते, दमणीशी हरिसिंग कासरा धरून तयार होता, आणि पुंजाजींसकट सगळं अंगण ऐकत होतं.

"माय," उकंडराव म्हणाले, "दार उघडं राहीन."

"काय म्हणलं?"

नेहमीचाच प्रश्न. नेहमीचं उत्तर उकंडरावांच्या जिभेवर आलंसुद्धा. त्यांनी ते कसंबसं गिळलं.

"दार उघडं पाह्यजे. धुराड्याले लागते."

सोजरबाईंनी डोळे बारीक केले. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण मुलगा त्यांना दिसल्याशिवायही कळत असे. "धुराड्याले लागते का बायकोले लागते?"

 बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजली.  उकंडरावांनी चौकट धरली.

"दोघायलेबी," ते म्हणाले.

 सोजरबाईंनी पुरणावर झाकण ठेवलं, नजर लागू नये म्हणून टांगायला कोनाड्यातून बिब्बा काढला, आणि तो ओवायला सुईत दोरा घालू लागल्या. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी सुई मुकाट्यानं सुनेच्या हातात दिली. मनकर्णाबाईंनी डोळे चोळत ती ओवली, आणि बिब्बा चौकटीला टांगला गेला.

"राहू दे उघडं," सोजरबाई म्हणाल्या. "पण तो पुंजाजी समोर दिसला नाही पाह्यजे. अन् खीर फाटली तं मले सांगू नोका."

नानाजींनी ओलं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं.  मनकर्णाबाई अंगणात उतरल्या, सगळ्या गावासमोर दमणीपाशी गेल्या. 

"हरिसिंगभाऊ," त्या म्हणाल्या, "पेटी उतरवा. अन् बैल सोडा आता, कवाचे उभे हायेत बिच्चारे."

हरिसिंगनं पेटी खांद्यावर घेतली आणि आतल्या खोलीकडे वळला. तशी मनकर्णाबाईंनी त्याला थांबवलं. "तिकडं नाही. इकडं ठेवा." त्यांनी स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं, भिंतीला टेकवलं, आणि ती हिरवी पेटी दाराला अडवून ठेवायला लावली. आता ते दार लावायचं म्हणजे आधी पेटी उचलायला हवी होती.

तेव्हापासून ती तिथंच आहे. धूर नीट वर जातो, वरणात मीठ एकदाच पडतं, आणि पुंजाजी जाता-येता मान दुसरीकडे वळवतात. पण उकंडरावांच्या जिवाला एक घोर लागला तो लागलाच. मनकर्णाबाईंनी त्या पेटीतली लुगडी बाहेर काढून खुंटीवर ठेवलेली त्यांना कधी दिसली नाहीत. एकदा घरात कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी पेटी पायानं ढकलून पाहिली. चांगली जड होती. आत लुगडी आहेत, की दार अडावं म्हणून दगड भरलेत, काही कळेना. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली मनकर्णाबाईंच्या कमरेला होती. उकंडरावांनी पेटी होती तशी नीट सरकवली, दार पुरतं उघडं आहे ना ते हात लावून पाहिलं, आणि ते शेतावर गेले.